नक्कल की नमस्कार?



मिकी माऊस तुम्ही पाहिलाच असेल. २०१३ साली पॉल रुडिश यांनी त्याची नवी कार्टून मालिका काढली. तिच्यात मिकीला जुने रूप परत दिले. लाल चड्डी, पिवळे बूट, रबरासारखे वाकणारे हातपाय. पुढे तीच मालिका दुसऱ्या नावाने चालली. तिचा एक भाग २०२३ साली आला, 'स्टीमबोट सिली'. त्यात जुन्या फिल्मच्या रिळातून काळेपांढरे मिकी बाहेर पडतात. एक नाही, दोन नाही, टोळीच्या टोळी! रंगीत जगात नुसता धुडगूस.

मला वाटले, ही मिकीची पोरंबाळं असतील. गुरुजी हसले. त्यांनी शाळेच्या टीव्हीवर 'स्टीमबोट विली' लावला. हा वॉल्ट डिस्ने यांचा छोटा चित्रपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कला दाखवला गेला. चित्राशी आवाज बरोबर जुळवलेला, हे त्या काळी मोठे नवल होते. मिकी शिट्टी वाजवीत बोटीचे चाक फिरवतो. शेळी गाण्याचे कागदच खाऊन टाकते. मग तिची शेपटी हँडलसारखी फिरवली की तोंडातून गाणे बाहेर! आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा कळले, रिळातले ते मिकी म्हणजे हाच बोटीवरचा मिकी.

मी म्हटले, "गुरुजी, मग ही कॉपीच झाली की!"

गुरुजी म्हणाले, "कॉपी करणारा वही लपवतो. यांनी तर नावातच सांगून टाकलं. विलीचं सिली केलं. सिली म्हणजे येडपट. शिवाय एका मिकीची टोळी केली, ही गंमत त्यांची स्वतःची. आणि 'विली' हे नावसुद्धा बस्टर कीटनच्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' या १९२८ च्याच मूकपटावरून सुचलेलं. याला नक्कल नाही, नमस्कार म्हणतात."

हे ऐकून माझी मान खाली गेली. गेल्या अंकातले बैलगाडीचे चित्र मी ताईच्या वहीवर तेलकट कागद ठेवून गिरवले होते. खाली नाव मात्र माझे एकट्याचे. सगळ्यांनी शाबासकी दिली. ताई काहीच बोलली नाही.

या अंकात ते चित्र मी पुन्हा काढले आहे. बैल ताईचेच आहेत, पण गाडीत आमची आजी बसवली आहे. खाली लिहिले आहे, 'ताईच्या चित्रावरून'. शेजारीच लावले आहे, जरूर पाहा.

इयत्ता सातवी