कणकुंबीच्या पावसात चिपचं नाक

मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीत पावसाळ्यात काडेपेटी सर्दावते, मिठाला पाणी सुटतं. इथल्या स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र लावलं, तर त्याची खरी परीक्षाच!

१९६२ मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साईडच्या संवेदकाचं पेटंट मागितलं; आजची कितीतरी यंत्रं त्याच वाटेवरची. तापलेल्या ऑक्साईडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो आणि विद्युतरोध वाढतो. गळालेला वायू या ऑक्सिजनला खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध झपकन उतरतो. कण काही नॅनोमीटरचा असला की त्याचा बराचसा भाग पृष्ठभागच असतो, म्हणून वायूचा मागमूसही कळतो.

ही क्रिया घडायला दोन-तीनशे अंश तापमान लागतं. चिपवर सिलिकॉन कोरून अधांतरी पातळ पडदा बनवतात. तेवढाच क्षणार्धात तापतो, काही मिलिवॅटमध्ये. ही कारागिरी मला संवेदकापेक्षाही भारी वाटते.

अडचण वाफेची. पाण्याचे रेणूही ऑक्साईडवरची तीच जागा बळकावतात आणि आकडा बिघडतो. म्हणून शेजारी आर्द्रतामापक बसवतात: त्यातलं पॉलिमर बाष्प शोषतं, त्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, बदलते आणि चिप तेवढी दुरुस्ती करते. कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, धातू-ऑक्साईडच्या पातळ थरांनी एलपीजी ओळखण्यावर संशोधन झालं आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे यंत्र जमिनीलगतच लावावं. घेताना खोक्यावरची आर्द्रतेची मर्यादा वाचा. पुष्कळदा ती ९५ टक्के असते, तीही दव न साचण्याच्या अटीवर.