कमी पैशाच्या खेळात करिअर कसं उभं राहतं? स्वप्नील कुसाळेच्या वाटचालीतून चार धडे

मुलगा क्रिकेट खेळतो म्हटलं की घरच्यांना आयपीएल दिसू लागतं. पण नेमबाजी किंवा धावण्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘पण पोट कसं भरणार?’ प्रश्न चुकीचा नाही. त्याचं एक उत्तर पुण्यात रेल्वेत नोकरी करत ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या स्वप्नील कुसाळेकडे आहे.

१. योजना लवकर गाठा

स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी मुलाला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे आधी शरीर घडवून घेतलं गेलं, मग त्यानं नेमबाजी निवडली. हा खेळ महागडा. रायफल, काडतुसं, खास जॅकेट, सगळाच खर्च. सरावासाठी वडिलांनी कर्जही काढलं. प्रबोधिनी नसती तर हा भार एका शिक्षकाच्या पगारावर पेलणं कठीणच होतं.

२. नोकरी म्हणजे खेळ सोडणं नव्हे

२०१५ मध्ये तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. खेळाडू कोट्यातल्या नोकरीत दरमहा पगार येतो आणि सराव-स्पर्धांसाठी सवलतही मिळते. कमी पैशाच्या खेळात ‘व्यावसायिक खेळाडू’ होणं बहुतेकदा असंच घडतं. बक्षिसांचा भरवसा नसतो, पगाराचा असतो. पदक आलं त्यानंतर नऊ वर्षांनी. तेवढी वर्षं टिकायला हाच आधार लागतो.

३. चौथा नंबर पचवायला शिका

२०२२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. पदक हुकलं, पण भारताला ऑलिम्पिक कोटा मिळाला. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळालं, वैयक्तिक प्रकारात मात्र पुन्हा चौथा! तरी प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांच्यासोबत सराव चालूच राहिला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह त्यानं कांस्य जिंकलं. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक.

४. प्रमाणपत्रं जपा

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून स्पर्धेत उतरण्याआधीच ती मान्यताप्राप्त आहे का, हे विचारून घ्या. शिक्षणही सोडू नका, कारण पदाची शैक्षणिक अट खेळाडूलाही पूर्ण करावी लागते.

१९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी त्यांच्या प्राचार्यांना स्वतःचं घर गहाण ठेवावं लागलं होतं. आज पुण्यातच बालेवाडीचं क्रीडा संकुल आहे आणि मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट. वाट अजूनही सोपी नाही, पण ती आहे. मुलांना ‘खेळून काय मिळणार?’ म्हणण्याआधी एकदा या दारांवर चौकशी तरी करून या.