इटेनची शाळा आणि धावणारी पोरं

केनियाच्या धावपटूंचं श्रेय आपण बहुतेक वेळा उंचीला देऊन मोकळे होतो. रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरचं इटेन गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, हे खरंच. पण त्या पंचक्रोशीतली सगळीच पोरं ती हवा घेत वाढली. तरी विजेत्यांची एवढी लांब रांग लागली ती एका कॅथलिक शाळेच्या फाटकातून. सेंट पॅट्रिक्स हायस्कूल ही पॅट्रिशियन ब्रदर्स या आयरिश धर्मसंघाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली मुलांची निवासी शाळा.

धावणं तिथे आधीपासून होतं. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 800 मीटरचं कांस्यपदक मिळवणारा माईक बोइट इथलाच. 1976 मध्ये कॉर्कहून ब्रदर कोल्म ओ'कॉनेल भूगोल शिकवायला आले. अ‍ॅथलेटिक्सचं कसलंही शिक्षण त्यांच्या गाठीशी नव्हतं. ब्रिटिश धावपटू ब्रेंडन फॉस्टरचा भाऊ पीटर तेव्हा शाळेत पोरांना धावायला शिकवत असे. त्याच्याकडून हे काम ब्रदरांकडे आलं. ते पोरांचं धावणं बघत बघतच शिकले. मला ही या साऱ्या कहाणीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पाऊल कसं पडतं, खांदे आखडतात का, दमल्यावर पोरगा कसा दिसतो, हे रोज डोळ्यांखालून घालणारा शिक्षक वसतिगृहाच्या शाळेतच भेटतो. एकाच घंटेला उठणं, जेवणं, अभ्यासाला बसणं. आणि तोच पोरगा सलग काही वर्षं समोर. घाई करायचं कारणच नव्हतं. कोवळ्या वयात जोर काढून घेण्यापेक्षा सावकाश धावणं आणि अंग सैल ठेवणं यावर त्यांचा भर राहिला.

फळं दिसायला दहाएक वर्षं गेली. इब्राहिम हुसेनने 1987 मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, पुढच्याच वर्षी बॉस्टन. त्याच 1988 मध्ये सोलला 21 वर्षांच्या पीटर रोनोने 1,500 मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. 1992 ला बार्सिलोनात मॅथ्यू बिरिर स्टीपलचेस जिंकला. डेन्मार्कला गेलेल्या विल्सन किपकेटरने 1997 मध्ये 800 मीटरचा विश्वविक्रम 1:41.11 वर नेऊन ठेवला. शाळेच्या आवारात अशा विजेत्यांच्या नावाने झाडं लावलेली आहेत. धावण्याने शिकण्याची वाटही उघडली: हुसेन आणि रोनो दोघेही अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेले.

तरी पदकांहून मोठं पाऊल मला 1989 मधलं वाटतं. त्या वर्षी ब्रदरांनी सुट्टीतली सराव शिबिरं सुरू केली आणि त्यांत मुलींना घेतलं. शाळा मुलांची, पण कुंपणाबाहेरच्या मुलींनाही आता मार्गदर्शन मिळू लागलं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली जॅनेथ जेपकोस्गेई 2007 मध्ये ओसाकाला 800 मीटरची जगज्जेती झाली.

डेव्हिड रुडिशाही सेंट पॅट्रिक्सचा विद्यार्थी नव्हता. तो इटेनमधल्याच दुसऱ्या शाळेत शिकला. 2010 मध्ये त्याने मोडला तो किपकेटरचाच विक्रम आणि 2012 ला लंडनमध्ये तो 1:40.91 वर आणला. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्याचा विक्रम मोडणाऱ्या या मुलाचे प्रशिक्षकही ब्रदर कोल्मच होते.