कात्री गेली, कटकट राहिली

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ हा शब्द पडद्यावर येतो तेव्हा प्रेक्षागृहातले निम्मे लोक अंधारात आपली खुर्ची शोधत असतात आणि उरलेले निम्मे मोबाइल बंद करत असतात. त्या शब्दापुढचे नाव कोणाचे, हे सहसा कोणाला सांगता येत नाही. नट लक्षात राहतो, गाणे लक्षात राहते. पण नटाचा चेहरा कुठे संपवायचा आणि गाणे कुठे सुरू करायचे हे ठरवणारा माणूस लक्षात राहत नाही. आता मात्र अशी वेळ आली आहे की, हे काम घराघरांत शिरले आहे. लग्न, मुंज, बारसे, आजोबांची सहस्रचंद्रदर्शन शांत, काहीही असो, चार मोबाइल आणि दोन कॅमेरे लागलेले असतात. मग त्या सात-आठ तासांच्या गोंधळातून चाळीस मिनिटांची बघण्याजोगी फिल्म कोणीतरी करायची असते. ते ‘कोणीतरी’ कधी कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला असतो, कधी घरातला अकरावीचा मुलगा. आणि रात्री दोन वाजता संगणकासमोर डोके धरून बसलेला असतो तोही तोच.

हे डोके धरणे कशासाठी, ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट लांबीची पट्टी आणि दोन लाख सोळा हजार चित्रे. ही पट्टी संकलक हाताने कापत आणि चिकटवत. अमेरिकेत १९२४ साली आलेले ‘मोव्हिओला’ हे यंत्र आणि पुढे जर्मनीचे ‘स्टीनबेक’ टेबल, यांवर जगभरचे चित्रपट घडले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आणि ‘परिंदा’ (१९८९) संकलित केले ते याच जमान्यात. काम कष्टाचे होते, बोटे कापत, पट्ट्यांचे तुकडे गळ्यात अडकवून फिरावे लागे. पण एक सुख होते. जे काही बिघडे ते डोळ्यांना दिसे. तुकडा हरवला तर तो टेबलाखाली पडलेला असे; वाकायचे आणि उचलायचे.

संगणकाने हे वाकणे वाचवले. १९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स या कंपन्यांनी मिळून ‘सीएमएक्स ६००’ नावाची यंत्रणा काढली. तिच्या चकत्या ठेवायला धुलाई यंत्रांएवढी कपाटे लागत, चित्र दिसे ते कृष्णधवल, आणि किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात. अर्थातच ती फारशी खपली नाही. १९८९ साली ‘ॲव्हिड’ आले आणि खरा पालट तेव्हा झाला. १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’साठी वॉल्टर मर्च यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले, संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला हा मान प्रथमच मिळत होता. त्यानंतर कात्री संग्रहालयात गेली. कटकट मात्र गेली नाही. ती यंत्राच्या पोटात शिरली, आणि पोटातले दुखणे वरून दिसत नाही.

याचा सर्वांत बोलका नमुना सप्टेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये पाहायला मिळाला. २३ तारखेच्या सोमवारी तिथल्या टीव्ही मालिकांच्या संकलकांचे मॅक प्रो संगणक एकामागून एक आडवे पडू लागले. चालू होते ते चालत होते; पण एकदा बंद केले की पुन्हा सुरू होईनात. मोठ्या मालिकांच्या प्रसारणाचे दिवस तोंडावर. या सगळ्या यंत्रांवर ‘ॲव्हिड’ होते, म्हणजे दोषी ॲव्हिडच, असे सर्वांनी ठरवून टाकले. काहींना विषाणूचा हल्ला वाटला. ॲव्हिडच्या लोकांनी ग्राहकांना कळवले, कामाची प्रत काढून ठेवा आणि काही झाले तरी संगणक बंद करू नका. गंमत पाहा, संगणक बिघडला की ‘एकदा बंद करून चालू करा’ हा जो आपला घरगुती काढा, तोच इथे विष ठरत होता!

दुसऱ्या दिवशी खरा चोर सापडला. तो संकलनाच्या खोलीतला नव्हताच. इंटरनेट पाहण्यासाठी आपण सारे वापरतो त्या गूगल क्रोमने गुपचूप स्वतःला अद्ययावत केले होते, आणि त्या अद्ययावत करणाऱ्या भागातल्या चुकीमुळे संगणकाच्या मूळ व्यवस्थेतला एक आवश्यक दुवा पुसला जात होता. मग सगळ्या जगाचे संगणक का बंद पडले नाहीत? कारण मॅकमध्ये अशी पुसापुशी रोखणारे एक कुलूप असते. व्हिडिओच्या कामासाठी बाहेरची ग्राफिक कार्डे जोडायची तर ते कुलूप काढावे लागे, आणि संकलकांनी ते काढून ठेवले होते. कुलूप काढण्याचे कारण एक, चूक दुसऱ्याची, आणि आळ तिसऱ्यावर. सॉफ्टवेअरची दुखणी बहुतेक अशीच असतात. आजार एका ठिकाणी आणि कळ भलतीकडे.

आपल्याकडच्या घरगुती व्हिडिओत सर्वाधिक आढळणारे दुखणे आवाजाचे. सुरुवातीला मंगलाष्टका ओठांशी जुळतात. ‘सावधान’ येईपर्यंत भटजींचे तोंड आधी मिटते आणि आवाज नंतर येतो. इथे अनुभवी संकलक पहिला प्रश्न विचारतो तो असा: फरक सुरुवातीपासून सारखाच आहे की वाढत जातो आहे? सारखा असेल तर आवाजाची पट्टी थोडी सरकवली की काम झाले. वाढत असेल तर पट्टी सरकवून काही उपयोग नाही, कारण दोन घड्याळे वेगळ्या गतीने चालत आहेत.

ही घड्याळांची भानगड जुनी आहे. आपल्या टीव्हीने सेकंदाला २५ चौकटी घेतल्या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. चित्रपट २४ चौकटींचा. म्हणून तो टीव्हीवर दाखवताना सामान्यतः थोडा पळवलाच जाई. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे १४४ मिनिटांत संपे आणि नायकाचा आवाज किंचित बारीक होई. अमेरिकेत ३० चौकटी होत्या. १९५३ मध्ये रंग आले तेव्हा तांत्रिक तडजोडीपोटी त्या २९.९७ कराव्या लागल्या. हा एवढासा अपूर्णांक आजतागायत संकलकांना छळतो आहे. एका यंत्राने ३० धरले आणि दुसऱ्याने २९.९७, तर अर्ध्या तासाच्या भाषणात शेवटी सुमारे १.८ सेकंदांचा फरक पडतो. वक्ता बसून पाणी पितो आहे आणि त्याचे ‘धन्यवाद’ अजून ऐकू येते आहे.

मोबाइलने त्यावर कडी केली. तो एका गतीने चित्रेच घेत नाही. मांडवात उजेड कमी झाला की तो सेकंदाला कमी चौकटी घेतो, बाहेर अंगणात आला की जास्त. पाहणाऱ्याला ते कळत नाही. पण संकलनाच्या सॉफ्टवेअरला ठरावीक चाल हवी असते, आणि ते अडखळते. उपाय साधा आहे. कामाला हात घालण्यापूर्वीच ती फाइल ठरावीक गतीत बदलून घ्यायची. ‘हँडब्रेक’सारखी फुकट मिळणारी साधने ते करतात. पण हे काम आधी करायचे असते. चाळीस मिनिटांची फिल्म जुळवून झाल्यावर ज्याला हे कळते त्याची रात्र गेलीच.

दुसरे दुखणे लाल पाटीचे. सॉफ्टवेअर उघडावे आणि वधूवरांच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ असे लिहिलेला लाल पडदा दिसावा! घरच्यांना वाटते, सगळे पुसले गेले. तसे नसते. संकलनाच्या फाइलमध्ये चित्रे नसतातच, असतात ते फक्त पत्ते: अमुक डिस्क, तमुक फोल्डर, या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत. कोणीतरी मधल्या काळात फोल्डरचे नाव ‘लग्न’चे ‘सोनूचे लग्न’ केलेले असते. बिऱ्हाड बदलले आणि पोस्टमनला सांगितले नाही, तर पत्र परत जाणारच. नवा पत्ता दाखवला की चित्र परत येते.

आणि मग ते प्रसिद्ध नव्याण्णव टक्के. सारे झाले, अखेरची फाइल तयार होते आहे, आणि यंत्र दर वेळी एकाच ठिकाणी थबकते. अशा वेळी जाणते लोक चिडत नाहीत, शोध घेतात. फिल्मचा पहिला अर्धा भाग वेगळा काढून पाहतात, मग दुसरा. जो अडतो त्याचे पुन्हा दोन भाग. तासाभराच्या कामातही सहा-सात वेळा असे केले की दोष मिनिटाच्या आत येतो: एखादा खराब झालेला फोटो, एखादा उसना आणलेला इफेक्ट. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय केले ते वहीत टिपायचे, एवढे पथ्य. जो एकदम पाच गोष्टी बदलतो त्याचे यंत्र कधी कधी सुधारतेही, पण कशाने सुधारले हे त्याला कळत नाही आणि पुढच्या लग्नात तो पुन्हा तिथेच येतो.

यंत्राची दुखणी निदान अजाणतेपणी होतात. काही दुखणी मात्र कंपन्या जाणूनबुजून देतात. २१ जून २०११ रोजी ॲपलने आपले ‘फायनल कट प्रो टेन’ २९९ डॉलरला बाजारात आणले आणि त्याच वेळी जुने सॉफ्टवेअर विक्रीतून काढले. नवे वेगवान होते, देखणे होते. फक्त जुनी कामे त्यात उघडत नव्हती. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळवण्याची सोय नव्हती. टेपवर उतरवण्याची नव्हती. दहा-बारा वर्षे ज्यांनी पोट या साधनावर भरले होते ते रस्त्यावर आल्यासारखे झाले. अमेरिकेत कोनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमाच्या संकलकांनी तर त्याची टिंगल करणारी फिल्मच टीव्हीवर दाखवली. ॲपलने पुढे उणिवा भरून काढल्या, कॅमेऱ्यांची सोय जानेवारी २०१२ मध्ये आली, पण अनेक जण तोवर दुसऱ्या घरी राहायला गेले होते. दक्षिण कोरियाचे यांग जिन-मो मात्र हलले नाहीत. ‘पॅरासाइट’ हा २०१९ चा ऑस्करविजेता चित्रपट त्यांनी त्याच मोडीत काढलेल्या ‘फायनल कट प्रो ७’ वर संकलित केला आणि संकलनाचे नामांकनही मिळवले. नवे ते चांगलेच, असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण मला फार आवडते.

अडोबीने २०१३ पासून नवी आवृत्ती विकत देणे थांबवून भाडे सुरू केले. भाडे थकले की स्वतःचेच काम उघडता येत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत जतन केलेले काम जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे मदतनीसाने उत्साहाने ‘अपडेट’ केले की मालकाची पंचाईत. लहान गावातल्या स्टुडिओवाल्याला दरमहा हे भाडे जड जाते. म्हणूनच ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची फुकट आवृत्ती आल्यावर पुष्कळांनी सुटकेचा श्वास टाकला.

आपल्या भाषेचे दुःख आणखी वेगळे. बरीच वर्षे या सॉफ्टवेअरना देवनागरी झेपत नसे. ‘चि. सौ. कां. किरण’ लिहावे तर ऱ्हस्व वेलांटी ‘क’ च्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरे पाय मोडून पडत. मग नावांची पाटी वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या मराठी फॉण्टात करायची, तिचे चित्र काढायचे आणि ते चिकटवायचे. मामांचे नाव चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आता बऱ्याच ठिकाणी युनिकोड नीट चालते; तरी ‘प्रीमियर’मध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीची निवड आधी करावी लागते, आणि ती कुठे आहे हे ज्याला माहीत त्यालाच माहीत.

या सगळ्यात खरे भय एकच, मूळ चित्रणच जाण्याचे. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ चालू असताना कोणाच्या तरी एका आज्ञेने संगणकावरून फाइली पुसल्या जाऊ लागल्या. पडद्यावर आधी वुडीची टोपी गेली, मग बूट, मग वुडीच. राखीव प्रती काढायला गेले तर त्याही नीट निघालेल्या नव्हत्या. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून एक प्रत घरच्या संगणकात होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला.

आपल्या कपाटातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेटची मात्र बहुधा दुसरी प्रत नसते. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता जे आहेत ते दुरुस्त करत चालवायचे. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. जुनी टेप डळमळत चालते, यंत्र मधल्या चौकटी गाळते आणि आवाज घसरतो. म्हणून उतरवून घ्यायला देताना दोन गोष्टी सांगाव्यात: पहिली कच्ची फाइल न छाटता आम्हाला द्या, आणि कॅसेट परत करा, टाकू नका. फाइल घरी आली की दोन डिस्कवर ठेवावी, त्यातली एक भावाकडे किंवा बहिणीकडे. आणि पाहताना सुरुवात पाहून समाधान मानू नये. शेवटची दहा मिनिटे पाहावीत. घसरण झाली असेल तर ती तिथेच दिसते, पाठवणीच्या वेळी, जिथे आजी काहीतरी बोलते आहे आणि तिचे ओठ केव्हाच मिटले आहेत.