पोर मैदानावर, कायदा सोबत

नांदेड-लातूरकडं स्केटिंगला बर्फाचं रिंगण नाही. इथलं स्केटिंग चाकांवरचं. पण मूल सरांच्या हाती सोपवून आपण घरी परततो, तेवढं सगळीकडं सारखंच. तोल सावरायला, पवित्रा शिकवायला हात लावावाच लागतो. म्हणूनच नको असलेला स्पर्श खेळात सहज लपतो. त्यात संघनिवड त्याच सरांच्या हाती, मग मूल गप्प राहतं. २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक यांच्यासारख्या नामवंत कुस्तीपटूंना लैंगिक छळाविरुद्ध दाद मागायला दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं. तेरा वर्षांच्या पोरीनं कुठं बोलावं?

लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, मुलग्यांसाठीसुद्धा. हे पालक विसरतात. विश्वासाच्या नात्यातल्या माणसानं गुन्हा केला तर शिक्षा वाढते. कळूनही पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणून ‘क्लबातच मिटवू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी नोंदवतात. पोलीस तेव्हा गणवेशात नसतात.

मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक मोफत आहे. बाहेरगावच्या स्पर्धेला खोली कुणाबरोबर, रात्री सोबत कोण, हे निघण्याआधीच विचारा. सर चिडले तरी विचारा.