वॉर्निंग गेली, बग राहिला

"इतकी वर्षं जगभर वापरलेल्या सी लायब्ररीत इनिशियलाइज न केलेली मेमरी वाचली जाईल? तो तर पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधला बग!" हा गैरसमज आधी काढू. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर असणाऱ्या जीलिबसीमध्ये २.० पासून २.४२ पर्यंतच्या आवृत्त्यांत असा एक बग होता. त्याला सीव्हीई-२०२६-०९१५ हा क्रमांक मिळाला.

तो होता गेटनेटबायअ‍ॅडर या फंक्शनमध्ये. याला नेटवर्कचा नंबर द्यायचा आणि नाव घ्यायचं. डीएनएसला विचारायचं असेल तर आतला कोड नंबराचे बाइट सुटे करतो. काउंटर चारपासून सुरू होतो आणि नंबर संपेपर्यंत एकेक बाइट काढत खाली येतो. मग स्विच लागतो. त्यात ३, २, १ आणि ० या चार केस आहेत आणि प्रत्येकीत प्रश्नाचा मजकूर एका बफरमध्ये लिहिला जातो. आता नंबरच शून्य दिला तर? लूप एकदाही फिरत नाही, काउंटर चारवरच राहतो आणि चारसाठी केसच नाही. बफरमध्ये कोणी काही लिहिलेलं नसतं, तरी तो डीएनएसकडे जातो. स्टॅकवर आधीच्या कामांचं जे पडलेलं असेल ते नाव म्हणून नेटवर्कवर बाहेर पडतं. (यासाठी नेटवर्कची नावं डीएनएसकडून घेण्याचं सेटिंग असावं लागतं, तेव्हा लगेच धावाधाव करण्याइतकं हे नाही.)

मग बफर सुरुवातीलाच शून्याने भरला असता तर काम झालं नसतं का? हा गैरसमज सगळ्यांत चिवट. गळती थांबली असती, हे खरं. पण प्रश्न रिकाम्या नावाचा गेला असता, म्हणजे विचारायचं ते विचारलंच गेलं नसतं. वर मेमरीच्या चुका शोधणाऱ्या वॅलग्रिंडसारख्या टूलला तक्रारीला जागाच उरली नसती आणि सुटलेली केस कायमची झाकली गेली असती. प्रत्यक्षात दुरुस्ती करणाऱ्यांनी शून्य नेटवर्कसाठीही ठरलेला प्रश्न तयार होईल अशी सोय केली आणि शून्य देऊन पाहणारी टेस्ट जोडली. किंमत का आली नाही याचं उत्तर आधी शोधायचं, भरायची ती किंमत नंतर.

जीसीसी १२ मध्ये, आणि क्लँगमध्ये त्याच्याही आधीपासून, स्टॅकवरची व्हेरिएबल्स कंपायलरकडूनच शून्याने भरून घेण्याचा पर्याय आहे. ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डसाठी तो जरूर वापरावा. टेस्टिंगच्या बिल्डमध्ये मात्र शून्याऐवजी विचित्र पॅटर्न भरणारा त्याचा जोडीदार घ्यावा. शून्य फार सोज्वळ असतं. पॉइंटर असेल तर नल, लांबी असेल तर काहीच नाही, स्ट्रिंग असेल तर रिकामी, आणि प्रोग्राम मुकाट पुढे जातो.

"माझ्या मशीनवर नीट चालतं" हेही याच सोज्वळपणामुळे. कर्नल प्रोसेसला मेमरीचं नवं पान देतो ते पुसूनच, त्यामुळे मॅलॉकने अशा कोऱ्या पानातला तुकडा दिला तर त्यात शून्यच सापडतात. बराच वेळ चाललेल्या सर्व्हरवर मात्र फ्री केलेला जुना तुकडा मजकुरासकट परत मिळतो. पुसून हवी असेल तर कॅलॉक. रीअ‍ॅलॉकने वाढवलेला भाग तसाच न पुसलेला येतो.

टूलबद्दलही दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. अ‍ॅड्रेससॅनिटायझर हिरवा दिसला की लोक निश्चिंत होतात. पण तो हद्दीबाहेरची आणि फ्री झालेली मेमरी पकडतो. इनिशियलाइज न केलेली वाचणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी क्लँगचा मेमरीसॅनिटायझर किंवा वॅलग्रिंड लागतो. आणि तेही त्या चाचणीत जो रस्ता चालला तेवढाच पाहतात. कोणी शून्य दिलंच नाही, तर ते तरी काय सांगणार?

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक जादा वाचन हा बगच आहे असं मानणं. स्ट्रलेन वेगासाठी एकेक बाइट न पाहता आठ, सोळा किंवा त्याहून जास्त बाइट एकदम उचलतं आणि स्ट्रिंगच्या शेवटापलीकडचेही काही वाचतं. वाचन अलाइन केलेलं असल्याने ते मेमरीच्या पुढच्या पानात शिरत नाही आणि त्या जादा बाइटांचा उत्तरावर परिणाम होत नाही. वॅलग्रिंडलाही हे ठाऊक आहे, म्हणून अशा फंक्शनांच्या जागी तो स्वतःची फंक्शनं बसवतो. नुसती कॉपी केल्यावरही तो बोलत नाही. त्या किमतीवरून 'इफ'चा निर्णय झाला किंवा ती सिस्टम कॉलमध्ये गेली की बोलतो. त्यामुळे तक्रार एका ओळीवर आणि चूक कित्येक फंक्शनं मागे, असं नेहमीच होतं. मूळ शोधायचा पर्याय चालू केला तर टूल मंदावतं, पण तो चालू करावाच.

तक्रारीचं मूळ न पाहता कोडची ओळच गाळली की काय होतं, याचा सगळ्यांत महागडा दाखला सी लायब्ररीबाहेरचा आहे. २००६ मध्ये डेबियनमध्ये वॅलग्रिंडच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. एक ओळ कॉल करणाऱ्याचा न भरलेला बफर रँडम साठ्यात मिसळत होती. ती काढणं निर्धोक होतं. दुसरी ओळ खरा रँडम डेटा त्या साठ्यात मिसळत होती. ती गेली आणि प्रोसेस आयडीखेरीज रँडम असं जवळपास काही उरलं नाही. त्यामुळे एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या एन्क्रिप्शन चाव्या प्रोसेस आयडी असतील तितक्याच, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ निघू शकत होत्या. चावी फोडणाऱ्याला त्या सगळ्या आधीच तयार करून ठेवता येत होत्या.

हे उघड झालं मे २००८ मध्ये. पॅच आला, पण पॅचने जुन्या चाव्या बदलत नाहीत. उबुंटूसह डेबियनवर बेतलेल्या सिस्टमवर त्या काळात ओपनएसएसएलने बनवलेली प्रत्येक चावी रद्द करून नवी काढावी लागली. डीएसए प्रकारच्या चाव्यांचं तर आणखी अवघड झालं. त्यांच्या प्रत्येक सहीला नवा गुप्त रँडम आकडा लागतो, म्हणून चावी चांगल्या मशीनवर बनलेली असली तरी अशा मशीनवर तिने एकदा सही केली असेल तर तीही टाकून द्यावी लागली.