धर्मादाय बिंगो : खेळातील पैसा सत्कार्यापर्यंत कसा पोहोचतो?

भारतात हौजी किंवा तंबोला या नावाने ओळखला जाणारा बिंगो हा खेळ अमेरिकेतील अनेक राज्यांत धर्मादाय संस्थांच्या उत्पन्नाचे साधन आहे. टेक्सास राज्यात या खेळावर देखरेख ठेवणारा लॉटरी आयोग २०२५ मध्ये बरखास्त करण्यात आला. १ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरी व बिंगो या दोहोंची जबाबदारी राज्याच्या परवाना व नियमन विभागाकडे सोपविण्यात आली. आयोगावरील आक्षेप मुख्यतः लॉटरीच्या कारभाराबाबत होते. मात्र बिंगोही त्याच्याच अखत्यारीत असल्याने त्याचेही हस्तांतर झाले.

टेक्सासमधील मतदारांनी १९८० मध्ये घटनादुरुस्तीद्वारे धर्मादाय बिंगोला मान्यता दिली आणि पुढील वर्षी त्यासंबंधीचा कायदा झाला. चर्च व अन्य धार्मिक संस्था, माजी सैनिकांच्या संघटना, स्वयंसेवी अग्निशमन दले आदींना परवाना मिळू शकतो. मात्र, स्थानिक मतदारांनी कौल दिलेल्या भागातच हा खेळ घेता येतो आणि त्याचे उत्पन्न राज्यातच धर्मादाय कार्यावर खर्च करणे बंधनकारक असते.

नियमनाची खरी कसोटी पैशाच्या हिशेबात लागते. उदाहरणार्थ, तिकिटांतून १०० डॉलर जमा झाले, त्यांतील ७५ डॉलर बक्षिसांवर आणि १५ डॉलर भाडे व वेतनावर खर्च झाले, तर संस्थेच्या हाती १० डॉलर उरतात. खर्च केवळ पाच डॉलरनी वाढला, तरी सत्कार्याचा वाटा निम्म्यावर येतो. त्यामुळे जागामालक किंवा खेळ चालविणारेच खरे लाभार्थी ठरू नयेत, यासाठी बिंगोचे स्वतंत्र बँक खाते, नियतकालिक हिशेब आणि भाड्यावरील मर्यादा अशी बंधने घालण्यात आली आहेत. एका खेळातील बक्षिसावरही ७५० डॉलरची मर्यादा आहे. पाच डॉलरपेक्षा अधिक रकमेच्या बक्षिसावर विजेत्याकडून पाच टक्के शुल्क घेतले जाते.

कॅलिफोर्नियाचे नियम याहून कठोर आहेत. तेथे पारंपरिक बिंगोच्या एका खेळातील बक्षीस ५०० डॉलरपेक्षा अधिक असू शकत नाही. खेळ संस्थेच्या सदस्यांनीच चालवायचा असतो आणि त्यासाठी त्यांना बिंगोच्या उत्पन्नातून मोबदला घेता येत नाही. वेतनाचा खर्च टळल्याने अधिक रक्कम मूळ कार्यासाठी उरते. परंतु पुरेसे स्वयंसेवक नसलेल्या लहान संस्थांना खेळ नियमितपणे घेणे कठीण जाते.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४व्या क्रमांकावर पैजा व जुगार हा विषय असल्याने येथेही याबाबतचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. निधी संकलनासाठी हौजी आयोजित करणाऱ्या संस्थांनी त्या त्या राज्यातील तरतुदी आधी पडताळून पाहणे आवश्यक ठरते. हेतू धर्मादाय असला, तरी केवळ तेवढ्यावरून कायद्यातून सूट मिळतेच असे नाही.